मे महिन्यात टर्बो पेट्रोल गाडी करूळ घाट चढून कोल्हापूरला येताना दुपारी जड का वाटते?

उन्हाने टर्बो गाडीची ताकद खरंच कमी होते. २० अंशांच्या मानाने ३८ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, ती दाबताना आणखी तापवतो, १०० अंशांच्याही वर. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यात घाटात ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर रांगताना त्याला वाराच मिळत नाही. हवा तापली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणे) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाबही उतरवतो. खरी मरगळ इथली. डिझेलमध्ये हा नॉकिंगचा भाग नसतो. मात्र पहाटेच्या गारव्यातही गाडी तशीच ओढत नसेल, तर उन्हाला दोष देऊ नका. आधी एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे होज तपासून घ्या.