‘१०.९’ छापलेला बोल्ट तुटला. दावा कोणावर लावायचा?

प्रश्न: मी वाईचा. वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी गेल्या वर्षी नव्याने उभी केली. पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मसाठी पुण्यातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून सहा बोल्ट घेतले. डोक्यावर १०.९ छापलेलं होतं. ‘ओरिजिनल हाय टेन्शन, फियाटलाच लागतो तो’ असं दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं. पक्कं बिल नाही, साधी चिठ्ठी आहे. पैसे यूपीआयने दिले. गंजू नयेत म्हणून चार बोल्ट इथल्याच एका प्लेटिंगवाल्याकडून झिंक करून घेतले आणि तेच बसवले. तीन आठवड्यांनी पसरणी घाट उतरताना एक बोल्ट तुटला, चाक आत वळलं आणि गाडी कठड्यावर गेली. कुणाला लागलं नाही, पण ७२ हजारांचा खर्च आला. दुकानदार म्हणतो, मेकॅनिकने जास्त आवळला. मेकॅनिक म्हणतो, मालच हलका. बिल नाही आणि गाडी इतकी जुनी, तर माझी तक्रार कुणी ऐकेल का? आणि आता बोल्ट कोणते घेऊ?

उत्तर: आधी मला सांगा, तुटलेल्या बोल्टचे दोन्ही तुकडे कुठे आहेत? तुमच्या पत्रात त्यांचं नाव नाही. गॅरेजमधल्या भंगाराच्या डब्यात असतील तर आज संध्याकाळच्या आत काढून आणा. तुटलेली तोंडं एकमेकांना लावून बघू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, रॉकेलमध्ये बुडवू नका. हलकं तेल लावून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि पिशव्यांसकट फोटो काढा. तुमच्या प्रकरणात खरा साक्षीदार तोच आहे.

त्यानंतरची महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: प्लेटिंग. दुकानदाराच्या वकिलाला ही ओळ सापडली की तो दुसरं काही वाचणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ८७नुसार नुकसान झालं त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल किंवा तिचा गैरवापर झालेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष मालाने झालेल्या नुकसानीचा, दावा चालत नाही. आणि झिंक प्लेटिंग हा निरुपद्रवी रंग नव्हे. प्लेटिंगच्या आधी बोल्ट ॲसिडमध्ये बुडवतात, तिथे आणि नंतरच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं. बोल्ट जितका कडक तितका हा धोका जास्त. १२.९ला, म्हणजे १०.९हूनही कडक बोल्टला, तो सर्वांत मोठा, पण ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिलेला १०.९ही वाचेलच असं नाही. म्हणून जाणकार प्लेटिंगवाला असे बोल्ट लगेच भट्टीत साधारण २०० अंशांना काही तास तापवतो. तुमच्याकडच्याने तसं केलं का, ते विचारा. शक्यतो व्हॉट्सॲपवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी येईल.

पण घाबरून जाऊ नका, कारण तुमच्याकडे प्लेटिंग न केलेले दोन बोल्ट शिल्लक आहेत. हे दोन बोल्ट ७२ हजारांहून मोलाचे समजा. त्यातला एक एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत कडकपणा आणि ताण चाचणीसाठी द्या. पुण्यात अशा प्रयोगशाळा आहेत. दुसरा सीलबंद ठेवा, तो ग्राहक आयोगासाठी. १०.९चा अर्थ ठरलेला आहे: तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला किमान १,००० न्यूटनच्या घरात, त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचा ताणला जाणार नाही, आणि रॉकवेल सी मोजपट्टीवर कडकपणा ३२ ते ३९. साधा ४.६चा बोल्ट जेमतेम ४००ला तुटतो. अहवालात बोल्ट मऊ निघाला तर प्लेटिंगचा मुद्दा जवळपास संपला, कारण हायड्रोजनचा त्रास कडक पोलादाला होतो, मऊ लोखंडाला नाही. मग डोक्यावरचा आकडा सरळसरळ खोटा ठरतो.

बोल्ट खरोखर कडक निघाला तर मात्र तुटलेलं तोंड बोलेल. त्यावर शिंपल्यावर असतात तशा ओळीने सरकत गेलेल्या रेषा असतील, तर तो हळूहळू थकून तुटला. अशा वेळी नट ढिला होता का, हा प्रश्न मेकॅनिककडे जातो. मान बारीक होऊन ओढला गेला असेल तर जास्त आवळल्याचा संशय. ताणाची खूण नसताना काचेसारखा तडकला असेल तर प्लेटिंगवाला. हायड्रोजनमुळे तुटणारा बोल्ट बहुतेक वेळा आवळल्यानंतर काही तासांत वा दिवसांत जातो. तुमचा तीन आठवडे टिकला. हे तज्ज्ञाला जरूर सांगा, पण निष्कर्ष त्यालाच काढू द्या.

आता एक काम तुम्ही स्वतः करा. भिंग घ्या आणि उरलेल्या बोल्टच्या डोक्यावर १०.९शेजारी बनवणाऱ्याची खूण आहे का ते पाहा. आयएस १३६७ या भारतीय मानकानुसार अशा षटकोनी बोल्टवर नुसता आकडा चालत नाही, निर्मात्याची ओळखखूणही लागते. खूण नसेल तर दुकानदाराला लेखी विचारा: हा माल कुणी बनवला? तो नाव सांगू शकला नाही, तर ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८६ त्याच्यावरच येतं. निर्माता कोण हेच माहीत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचवता येत नसेल, तर विक्रेता स्वतः जबाबदार. त्याने स्वतःहून वेगळी हमी दिली आणि माल त्या हमीला उतरला नाही, तरीही जबाबदार. ‘फियाटलाच लागतो तो’ हा मेसेज म्हणजे अशी हमी, असं मी आयोगापुढे मांडेन. वस्तू विक्री कायदा, १९३०चं कलम १६ही सोबत आहे: माल कशासाठी हवा ते ग्राहकाने सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला, तर तो माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. तुम्ही गाडीचं मॉडेल लिहून बोल्ट मागितले होते का? चॅट शोधा, आणि फोन बदलायचा विचार असेल तर थांबा.

पक्कं बिल नसणं ही तुमची नव्हे, त्याची चूक. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि चॅट एवढ्यावर खरेदी सिद्ध होते. चॅटच्या प्रिंटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा.

नुकसानभरपाईत एक बारीक मेख आहे, ती इथे तुमच्या बाजूची आहे. उत्पादन दायित्वात खुद्द सदोष वस्तूचं नुकसान धरत नाहीत, इतर मालमत्तेचं धरतात. तुम्ही विकत घेतली ती वस्तू बोल्ट. गाडी ही इतर मालमत्ता. त्यामुळे ७२ हजार मागता येतात. दुरुस्तीची बिलं आणि गाडी उचलून आणणाऱ्या टोइंगची पावती जोडा.

गाडी जुनी असल्याने तक्रार फेटाळली जात नाही. फक्त नोंदणीचं नूतनीकरण आणि विमा चालू असल्याची खात्री करा. संपले असतील तर बोल्ट काही त्यामुळे तुटला नाही, पण समोरचा वकील तेच उगाळत बसेल. शिवाय जुन्या गाड्या नीट करून विकणं हा तुमचा व्यवसाय असेल तर ‘ग्राहक’ या व्याख्येतच अडचण येईल. वडिलांची गाडी म्हणता, तेव्हा तसं नसावं.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दुकान पुण्यात असलं तरी चालतं. मोजली जाते ती मोबदल्याची, म्हणजे मालासाठी तुम्ही दिलेली, रक्कम, आणि ती ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर कलम ३८खाली आयोगच नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, खर्च तुम्हाला भरावा लागतो. म्हणून तुटलेला बोल्ट खासगी प्रयोगशाळेत कापू देऊ नका.

तिघांनाही पंधरा दिवसांची नोटीस पाठवा, पण तक्रारीत मेकॅनिकला ओढण्याची घाई करू नका. अहवालात बोल्ट मऊ निघाला तर तोच तुमचा उत्तम साक्षीदार ठरेल, आणि आरोपी केलेला माणूस तुमच्यासाठी साक्ष देत नसतो. बोल्ट खरा निघाला, तर मात्र मेकॅनिक आणि प्लेटिंगवाला दोघेही सेवेतल्या त्रुटीसाठी सामनेवाले होतील. पान्ह्याला पाइप लावून आवळलं होतं का, एवढं मेकॅनिकला आत्ताच विचारून ठेवा.

पोलिसांत जाण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तूर्त बाजूला ठेवा. अहवालाशिवाय फसवणूक दाखवणं कठीण. विमा फक्त तृतीय पक्षाचा असेल तर गाडीचा खर्च त्यातून मिळणार नाही. सर्वसमावेशक असेल तर तुटलेला बोल्ट यांत्रिक बिघाड म्हणून वगळला जाईल, पण कठड्यावर आदळून झालेल्या नुकसानीसाठी दावा जरूर टाका.

आता नवे बोल्ट. यातही कायदा आहेच: धोकादायक दोष माहीत असून किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा स्थितीत गाडी रस्त्यावर आणली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९० चालवणाऱ्यावर लागतं. उरलेले तिन्ही प्लेटिंगवाले बोल्ट आता गाडीत ठेवू नका. काढून पिशवीत भरा. जुन्या अस्सल बोल्टवर जो आकडा असेल तोच घ्या. १२.९ घातला म्हणजे गाडी अधिक सुरक्षित झाली, हा गॅरेजमधला गैरसमज. स्टेनलेस चमकतो, पण नेहमी मिळणाऱ्या जातीची ताकद इथे कमी पडते. लेथवर साध्या सळईतून काढून घेऊ नका. आट्यांचं अंतर पाहाच, पण बिनआट्याची दांडी किती लांब तेही मोजा: बुश आणि ब्रॅकेटमधून जाणारा भाग गुळगुळीत हवा, आट्यांवर भार आला की तिथूनच चीर पडते. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) दर वेळी नवा.

हे बोल्ट जुन्या पार्टच्या दुकानातच मिळतात असं नाही. भोसरी किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कारखान्यांना माल देणारे फास्टनरचे व्यापारी मापाप्रमाणे देतात. किरकोळ मागणी असल्याने थोडं लाडीगोडीने मागावं लागेल. जीएसटी बिलावर माप, १०.९ आणि निर्मात्याचं नाव लिहून घ्या, बॅचचं चाचणी प्रमाणपत्र मागा, आणि मागणीच्या मेसेजमध्ये ‘१९७८ पद्मिनी, पुढचा खालचा आर्म’ असं स्पष्ट लिहा. झिंक हवंच असेल तर कारखान्यातूनच झिंक होऊन आलेला घ्या.

प्लेटिंगवाल्याची पावती सापडली तर तिची प्रत आणि चॅटचे स्क्रीनशॉट पाठवा. नोटिशीचा मसुदा त्यावरून करता येईल.