ओहायोतला कारपोर्ट तपासताना आधी पाय बघा

तुम्ही लिहिलंय की मार्चअखेरीला पुण्याहून अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला येताय, भाड्याने ठरवलेल्या घराच्या अंगणात दोन गाड्यांचा लोखंडी कारपोर्ट, म्हणजे खांबांवरचं गाड्यांचं छप्पर, आणि मागे पत्र्याची शेड आहे, आणि हिवाळ्यातल्या वादळांनंतर तिच्याकडे कोणी बघितलेलं नाही. वडिलांचं धायरीला फॅब्रिकेशनचं काम, त्यामुळे शेडमधलं तुम्हाला कळतं. मग इथे वेगळं काय बघायचं, हा तुमचा प्रश्न. मीही कोथरूडचीच, बरीच वर्षं ओहायोत आहे. जरा सविस्तर सांगते, कारण हे गाडीपुरतं नाही. त्या छपराखाली तुमची मुलं खेळणार आहेत.

पुण्यात आपण शेड तपासतो ती वाऱ्याच्या धास्तीने. जून 2020 मध्ये निसर्ग वादळात मावळ-मुळशीकडे पत्रे कसे उडाले ते तुम्हाला आठवत असेल. 17 एप्रिल 2023 ला किवळ्यात होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली, तेव्हाही वादळी वारंच होतं. म्हणून आपली नजर आधी वर जाते: पत्रा धरणारे वाकड्या आकड्याचे जे-बोल्ट घट्ट आहेत का, कडेचा पत्रा वाजतोय का. ओहायोत वारा आहेच, पण त्याच्या जोडीला वरून वजन बसतं आणि खालून जमीन उचलते. म्हणून तपासणी पायापासून सुरू करा.

थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि माती वर येते. म्हणूनच कोलंबसकडे घराचा पाया अडीच फुटांपेक्षा खोल नेतात. कारपोर्टला एवढा पाया बहुधा नसतो. मातीवर किंवा खडीवर चौकट ठेवून सळईचे नाहीतर स्क्रूसारखे फिरवून बसवलेले अँकर, म्हणजे चौकट जमिनीला धरून ठेवणारे खुंट, असतात. जमीन गोठते-वितळते तसे ते हळूहळू वर येतात. तुम्ही याल तेव्हा माती नुकतीच मोकळी झालेली असेल, तपासायला हीच वेळ चांगली. प्रत्येक अँकर हाताने हलवून बघा. डोकं चौकटीपासून सुटलंय का, खालच्या पाइपाखाली फट पडलीय का, काँक्रीट असेल तर बोल्टाभोवती तडे आहेत का, हे बघा. मग ओळंबा धरा आणि चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते कर्ण मोजून ताडा. दोन कर्णांत ठळक फरक आला, तर चौकट काटकोनातून सरकलीय असं समजा.

खांबाचा तळ मात्र बसून, टॉर्च लावून बघा. चौकोनी पाइपात वरच्या भोकातून पाणी शिरतं, तळाशी साठतं आणि गोठतं. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि पाइप आतून फाकतो. शेजारच्या कारपोर्टच्या एका खांबाला असं झालेलं मी पाहिलंय. लांबून खांब सरळ, रंग शाबूत. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर पाइप किंचित फुगलेला, आणि शिवणीवर नखाएवढी चीर, तिच्यातून तांबूस ओघळ. अशा खांबावर वेल्डिंगचं ठिगळ लावू नका. तो बदलायलाच लागतो, आणि पाणी निघून जाईल असं छिद्र तळाशी ठेवून घ्यावं लागतं.

आता वजनाचं. फूटभर कोरडा, भुसभुशीत बर्फ आणि इंचभर काचेसारखा घट्ट बर्फ, दोन्हींचा भार जवळपास सारखाच, चौरस फुटाला चार-पाच पाउंड. अठरा बाय वीस फुटांच्या छपरावर म्हणजे पाऊण टनाच्या आसपास. ओला बर्फ याच्या कितीतरी पट जड होतो. आणि वाऱ्याने तो एकाच बाजूला साचला, तर छप्पर दाबलं जातंच, शिवाय पिळलं जातं. म्हणून कैचीला, म्हणजे छपराखालच्या त्रिकोणी चौकटीला, बाक आलाय का, दोन कमानींमधल्या पत्र्याला झोळ आलाय का, हे शेडच्या टोकाला उभं राहून एका डोळ्याने रेषेत बघा. पत्र्याच्या पन्हळ्या आडव्या असतील, तर त्यांत बर्फ अडून राहतो. उतारावर उभ्या असतील, तर घसरतो. कोणत्या आहेत ते मालकाला आत्ताच विचारा. पाइप किती गेजचा, म्हणजे त्याचा पत्रा किती जाड, तेही विचारा: 14 गेज म्हणजे साधारण 2 मिमी, 12 त्याहून जाड.

स्क्रू नुसते आवळत सुटू नका. स्क्रूभोवती चकचकीत घासल्याची कडी दिसली किंवा भोक लांबट झालं असेल, तर तिथे पत्रा हललाय. तोच स्क्रू पुन्हा आवळून धरणार नाही, जाड स्क्रू लागेल. रबरी वॉशर कडक होऊन चिरला असेल तर बदला. ओरखडे पडून जस्त गेलेल्या जागी जस्ताचा स्प्रे मारा. रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीच्या चाकांबरोबर आत येतं, त्यामुळे खालचा हातभर पाइप सगळ्यात आधी गंजतो.

पुढच्या हिवाळ्यासाठी तीन गोष्टी अगदी मनापासून सांगते. वादळानंतर आधी लांबून बघा. छपरावर वीजतार पडली असेल, तर लोखंडाला हात लावायचा नाही, वीज कंपनीला फोन करायचा. छपरावर बर्फ असताना खाली उभं राहून काम करायचं नाही, वर तर चढायचंच नाही. लांब दांड्याच्या प्लास्टिकच्या फावड्याने जमिनीवरूनच, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून बर्फ ओढायचा. एकच बाजू मोकळी केली तर दुसरीकडचा भार शेडला पिळतो.

आणि कागद. तुम्ही भाडेकरू आहात, तेव्हा राहायला आल्याच दिवशी प्रत्येक खांबाचे, अँकरचे आणि वाकलेल्या जागेचे तारखेसह फोटो काढून मालकाला ईमेलने पाठवा. विमा त्याच्या नावावर असतो; त्यात अशा वेगळ्या बांधकामांना बऱ्याचदा घराच्या रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंत संरक्षण असतं. मात्र फोटो काढण्याआधीच दुरुस्ती करून टाकली, तर दावा अडू शकतो. खांब किंवा कैची बदलायची वेळ आली, तर ते काम मालकानेच माणूस लावून करून घ्यायला हवं, तुम्ही नाही. वडिलांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवा, त्यांची नजर उपयोगी पडेल. फक्त कॅमेऱ्यात त्यांना आधी खांबांचे पाय दाखवा.