आधी आजीला विचार

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. एका रविवारी तू घरातलं रिफाइंड तेल, साखर, मैदा आणि पांढरा तांदूळ उचलून कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकलास, त्या जागी सेंद्रिय सामान भरलंस आणि आठ दिवसांत घर तुझ्यावर उलटलं. बाबा बाहेरून खाऊन येतात, आई गप्प असते, आजी अर्धं ताट बाजूला सारते. बाबांच्या रक्तदाबाची काळजी तुला झोपू देत नाही, हे मला कळतं. म्हणूनच स्पष्ट लिहिते.

ते डबे आईचे होते रे. पंचवीस वर्षं ती अंधारातही हात घालून हवा तो डबा काढते. तिला न विचारता तू ते रिकामे केलेस. आणि जे आपल्या घरात विष म्हणून नको, ते मावशींच्या पोरांनी खावं का? आधी या दोघींशी बोल. सामानाचं नंतर बघू.

माझ्याही हातून हे झालंय. मुलगी चौथीत असताना मी एका महिन्यात सगळं बदललं. तिच्या डब्यात हातसडीचा भात आणि कमी तेलाची भाजी जाऊ लागली. डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा, मी समाधानी. दोन महिन्यांनी तिच्या मैत्रिणीची आई भेटली तेव्हा कळलं, की पोर रोज डबा बदलून खात होती. मला रागापेक्षा वाईट वाटलं. खरं सांगायची तिला भीती वाटली होती. त्यानंतर मी तिला काही समजावलं नाही, फक्त भाकरी करताना शेजारी बसवायला लागले.

भाकरीचंच सांगते, कारण तू लिहिलंयस की सेंद्रिय ज्वारीची भाकरी थापतानाच मोडते आणि आई म्हणते, 'हे तुझं पीठच खोटं'. पीठ खोटं नाही, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय. पाकिटातलं पीठ दळून किती दिवस झाले असतील कोण जाणे. ज्वारी आख्खी आण, मालदांडी जातीची मिळाली तर उत्तम, आणि आठवड्याला पुरेल एवढीच गिरणीतून दळून आण. पाणी कढत घे आणि पीठ तळहाताने रगडून रगडून मळ. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरव, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलट आणि शेवटी जाळावर धर. टम्म फुगली की पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा उचलून आत लोणी आणि लसणाची चटणी घालून बाबांच्या हातात गरम गरम दे. त्या वेळी 'सेंद्रिय' हा शब्द तोंडातून काढू नकोस.

तेलाचंही तसंच. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात आईने पुऱ्या तळल्या, कढईभर फेस आला आणि ती घाबरली. न गाळलेल्या, कच्च्या तेलाला फेस येतोच. तळणीला ते वापरूच नका. आधी फोडणीत आणि चटणीवर येऊ दे. त्याला स्वतःचा वास असतो, त्यामुळे थोडंही पुरतं. बिनपॉलिशची तूरडाळ शिजायला वेळ घेते, ती आधी तासभर भिजव. गुळाचा चहा फाटत असेल तर गॅस बंद केल्यावर गूळ घाल. आणि धान्यात टोके झाले म्हणून आजी ओरडली असेल, तर तिलाच विचार, पूर्वी काय करायचात. डाळीला एरंडेल चोळणं, गव्हात कडुनिंबाचा पाला किंवा बिब्बे घालणं, हे तिला माहीत नसेल तर कुणाला?

पैशांवरून बाबा बोलतात, त्यात चूक नाही. सगळं एकदम सेंद्रिय घेणं नोकरदार घराला झेपत नाही. जे रोज ताटात पडतं, म्हणजे ज्वारी, गहू, तांदूळ, डाळ, तेल, तिथून सुरुवात कर. पालेभाजी एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून घे. भोपळा, केळी, कांदा नेहमीच्या मंडईतला चालेल. सुट्या पिशवीवर कुणी पेनाने 'ऑरगॅनिक' लिहिलं म्हणून दुप्पट पैसे मोजू नकोस. पाकिटावर 'जैविक भारत' ही सेंद्रिय मालाची सरकारी खूण बघ. शेतकऱ्यांचे गट पीजीएस पद्धतीने एकमेकांची शेतं तपासून प्रमाणपत्र घेतात, तेही विचार. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या तर कुणी फवारून पिकवतच नाही.

आणि एक गोष्ट तुला आवडणार नाही. बाबांच्या रक्तदाबाला सेंद्रिय गव्हापेक्षा मीठ कमी होणं जास्त गरजेचं आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. सेंद्रिय पापडातही मीठ मीठच असतं. गूळही साखरेचाच भाऊ, त्याला मोकळं रान देऊ नकोस.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तू ऐकलं असशील. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावोगावच्या घरांतून वाल, घेवडा, भात यांची जुनी बियाणी त्यांनी गोळा करून जपली. ज्या बायकांना कुणी काही विचारत नव्हतं, त्यांच्याच मडक्यांत आणि गाडग्यांत ती होती. तुझ्या घरातही तसं एक गाडगं आहे. तुझी आजी माणदेशातली. हुलग्याची शेंगोळी, बाजरीचा खिचडा, ताकातली अंबाडी हे सगळं तिने चुलीवर केलंय. तू इंटरनेटवरून किनोआ मागवलास आणि तिला एकदाही विचारलं नाहीस, 'आजी, तुझ्या आईच्या घरी काय शिजायचं?'

येत्या रविवारी विचार. ती सांगेल तसं कर, चिरणं-निवडणं तू कर आणि नंतरची भांडीही तूच घास. ही मेहनत आईच्या माथी मारू नकोस. रात्रीच्या जेवणाला बाबांना आजीच वाढू दे. आठवड्यातला तो एक वार धरून ठेव आणि महिनाभर बाकी काही बदलू नकोस. पांढरा भात परत येऊ दे.

मी दोन किलो हुलगे निवडून ठेवलेत, ओळखीच्या शेतातले आहेत. येशील तेव्हा घेऊन जा. भाजून दळायचे किती, ते आजी सांगेल.

तुझी,
मावशी