केमिस्ट्री-बायोलॉजीबरोबर तिसरा विषय हिस्टरी की जॉग्रफी? मेडिकलला अडेल का? (इंग्लंड, सिक्स्थ फॉर्म म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षं)

हिस्टरी घेऊ द्या. अडत नाही. बहुतेक मेडिकल स्कूलना केमिस्ट्री आणि बायोलॉजी हवं असतं, तिसऱ्यात चांगली ग्रेड आली की झालं.

आमच्या मुलीने हेच तीन विषय घेतले तेव्हा पुण्याहून दिरांचा फोन आला. "सनावळ्या पाठ करून कोणी डॉक्टर होतं का? मॅथ्स घ्यायला लावा." नवराही डळमळला. मी हटले नाही.

तिच्या शाळेत एडेक्सेल या परीक्षा बोर्डाचा भारताच्या इतिहासाचा पेपर होता, १९१४ ते १९४८. एका रात्री ती जेवणाच्या टेबलावर जालियनवाला बागेवरचे दोन उतारे घेऊन बसली होती. दोन्ही एकत्र वाचून इतिहासकाराला त्यांचा कितपत उपयोग होईल, असा २० मार्कांचा प्रश्न. यात सनावळी कुठे आली? कोण बोलतंय, कुणासमोर बोलतंय, काय गाळतंय, हे शोधायचं. चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगन वापरली असती, असं डायरने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिटीसमोर स्वतःच कबूल केलं होतं. त्या वाक्याखाली पोरीने रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'लपवत नाही, कारण त्याला हे बरोबरच वाटतंय.' मी तो कागद फोटो काढून दिरांना पाठवला. उत्तर आलं नाही.

आज ती मेडिकलला आहे. पेशंट काय सांगायचं टाळतोय ते लवकर लक्षात येतं, म्हणते. मला विचाराल तर ही सवय तिला त्या उताऱ्यांनी लावली.

जॉग्रफीही वाईट नाही. फील्डवर्क असतं, आकडेवारी असते, बायोलॉजीशी चांगलं जुळतं. पानंच्या पानं लिहायचा कंटाळा असेल तर तीच घ्यावी. कोर्सवर्कला मात्र दोन्हीकडे २० टक्के आहेत, तिथे सुटका नाही.

केंब्रिज डोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मेडिसिनला घेतलेली बहुतेक मुलं तीन सायन्स-मॅथ्सवाली असतात, तेव्हा कॉलेजच्या अटी आधी वाचा. पण नातेवाइकांचं समाधान म्हणून मॅथ्स गळ्यात मारू नका. दिरांनी स्वतःच्या मुलाला असंच रेटलं होतं. आज मॅथ्सचं नाव काढलं की तो उठून जातो.