बिडी सुटली, गोळीचा डोस मात्र तोच

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, जुना ब्रॉन्कायटिस. चाळीस वर्षं बिडी ओढली, तीन आठवड्यांपूर्वी पूर्ण सोडली. एटोफायलिन-थिओफायलिनची ३०० ची रिटार्ड गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. गिळायला जड जाते म्हणून कुटून देतो. परवापासून लघवीच्या जंतुसंसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झालं. आता मळमळ, छातीत धडधड, रात्रभर झोप नाही. शेजारी म्हणतात, बिडी सोडल्यामुळे होतंय. एखाद-दुसरी ओढू द्यावी का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : बिडी अजिबात नको. पत्र मिळताच तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इथे : गोळीचा पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्यायच्या. उलट्या थांबत नसतील, स्वस्थ बसूनही नाडी १२० च्या वर असेल किंवा आकडी (फिट) आली, तर थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या थिओफायलिनचा उपयोग आणि अपाय यांत अंतर फार थोडं. रक्तात साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही नेहमीची मर्यादा, वयस्कांत त्याहून कमीच बरी. या औषधाचं विघटन यकृतात होतं. विडी-सिगारेटच्या धुरातले घटक यकृताचं हे काम वाढवतात, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूर थांबला की आठवड्याभरात हा वेग उतरतो आणि तोच डोस जास्त होऊन बसतो. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. निकोटिनच्या च्युइंगगमने किंवा मिश्रीने तो वेग परत येत नाही.

त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन याच विघटनाला अडवतं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिनही तेच करतात. उलट रिफाम्पिसिन आणि फेनिटॉइन पातळी खाली आणतात, तेव्हा दम पुन्हा उफाळतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत बिडी सुटणं आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन्ही कारणं एकाच महिन्यात जमली आणि कुटण्याचं तिसरं जोडलं गेलं. रिटार्ड गोळी औषध बारा तास हळूहळू सोडते. कुटली की सगळं एकदम रक्तात. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार लिहून घ्या. अँटिबायोटिक बदलायचं की डोस कमी करायचा, हेही तेच ठरवतील; गरज वाटली तर थिओफायलिनची रक्तातली पातळी तपासतील. पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी ताप-खोकल्याची अँटिबायोटिक्स सुरू होतात. त्या वेळी केमिस्टलाही ‘दम्याची थिओफायलिनची गोळी चालू आहे’ असं आवर्जून सांगा. आणि वडिलांनी बिडी सोडली, ही या घरातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, ती जपा.

प्रश्न : दमा अचानक चढला तर डॉक्सोफायलिनची जादा गोळी चालेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : नाही. डॉक्सोफायलिन हे थिओफायलिनच्याच जातीचं औषध; त्याने धडधड होण्याचा त्रास तुलनेने कमी, पण पोटातून रक्तात जायला वेळ लागतो. अटॅकमध्ये तेवढा वेळ हातात नसतो. तेव्हा डॉक्टरांनी दिलेला आराम देणारा पंप स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ डब्याला) लावा : एक पफ, चार-सहा सावकाश श्वास, मग पुढचा. डब्यात दोन-तीन पफ एकदम मारले तर औषध भिंतींना चिकटून वाया जातं. पंपाने आराम पडत नसेल, किंवा एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर रुग्णालय. चुकलेला डोस भरून काढायला दोन गोळ्या एकत्र घेणंही तितकंच धोक्याचं.