संघ आधी चिठ्ठीने पाडा, खेळ नंतर ठरवा

प्रश्न : आमच्या सोसायटीत ४० कुटुंबे राहतात आणि मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू अशा चारही भाषा बोलणारी घरे त्यांत आहेत. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेतील नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुका आटोपल्यानंतर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, आमचे स्नेहसंमेलन असते. गेल्या वर्षी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची ठेवली होती. मुले धावली, मोठी माणसे बसून राहिली आणि शेवटी निकालावरून ए आणि बी विंगमध्ये वाद झाला. या वर्षी सर्व वयांची माणसे एकत्र खेळतील असा संघांचा गमतीदार खेळ घ्यायचा आहे. कोणते खेळ निवडावेत?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण खेळांची नावे विचारली आहेत, परंतु आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ संघ कसे पाडले आणि काम कसे वाटले यात आहे. लिंबू-चमचा हा एकट्याचा खेळ आहे आणि संगीत खुर्ची तर प्रत्येक फेरीला एकेकाला बाजूला बसवते. अशा खेळांत साठीच्या पुढची माणसे प्रेक्षक झाली तर त्यात नवल नाही. वादाचे कारणही उघड आहे. पाण्याच्या टाकीवरून आणि पार्किंगवरून वर्षभर ज्या दोन विंगांत धुसफूस चालते, त्याच दोन विंगा एकमेकींसमोर उभ्या केल्या, तर वाद निकालाचा राहत नाही.

म्हणून संघ विंगेप्रमाणे, भाषेप्रमाणे किंवा कुटुंबाप्रमाणे न पाडता चिठ्ठीने पाडावेत, आणि त्या चिठ्ठ्याही एकाच डब्यात न टाकता वयाप्रमाणे चार डब्यांत टाकाव्यात : बारा वर्षांपर्यंतची मुले, त्यापुढे पस्तिशीपर्यंतचे, साठीपर्यंतचे आणि साठीच्या पुढचे. प्रत्येक डब्यातून आळीपाळीने एकेक चिठ्ठी काढत गेल्यास कोणत्याही संघात केवळ तरुण किंवा केवळ आजोबा जमा होत नाहीत. अगदी लहान मूल आणि त्याची आई यांना एकत्र ठेवण्याची सवलत द्यावी, नवरा-बायकोला ती देऊ नये. ६० जण खेळणार असे धरले तर दहा-दहांचे सहा संघ होतील. त्यांना शूरवीरांची किंवा देवदेवतांची नावे देण्याऐवजी शेंगा, जवस, कारळे, तीळ, लसूण आणि खोबरे अशी चटण्यांची नावे द्यावीत. ‘कारळे हरले’ या वाक्यावर भांडण उभे राहणे कठीण असते.

सहा संघांसाठी मैदानात सहा थांबे ठेवावेत आणि सर्व संघांनी एकाच वेळी, एकेका थांब्यावर, खेळायला सुरुवात करावी. आठ मिनिटांचा खेळ आणि दोन मिनिटांत पुढच्या थांब्याकडे जाणे असा हिशेब ठेवला, तर तासाभरात प्रत्येक संघ सहाही थांबे पूर्ण करतो आणि कोणालाही आपल्या पाळीची वाट पाहत बसावे लागत नाही. प्रत्येक थांब्यावर एक पंच, शिट्टी वाजवणारा एक आणि गुणपत्रक सांभाळणारा एक, अशी आठ माणसे या कामाला पुरतात. पंचाने त्या संघाला लागलेला वेळ किंवा झालेली संख्या फक्त लिहून ठेवावी आणि क्रमांक सर्व खेळ संपल्यावरच लावावेत. पहिल्याला सहा, शेवटच्याला एक असे गुण दिले की पुरे. आपण कितवे आहोत हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे शेवटच्या फेरीपर्यंत कोणी हातपाय गाळत नाही. मधूनमधून माइकवर आघाडी जाहीर करण्याचा मोह मात्र निवेदकाने आवरला पाहिजे. पंच शक्यतो शेजारच्या वसाहतीतून बोलवावेत.

आता थांब्यांवर काय ठेवावे याविषयी. कसोटी एवढीच असावी की, संघातल्या सर्वांत दणकट गड्याला ते काम एकट्याने उरकता येऊ नये. सोलापुरात यासाठी सर्वांत सोयीची वस्तू प्रत्येक घरात आहे, ती म्हणजे चादर. एक एकेरी चादर मातीच्या किंवा हिरवळीच्या जागेवर अंथरून संघातील सहा जणांना तिच्यावर अनवाणी उभे करावे आणि जमिनीला पाय न लावता तीच चादर उलटी करून पुन्हा तिच्यावर उभे राहण्यास सांगावे. उरलेल्या चौघांनी, ज्यांत गुडघे दुखणारी मंडळी असतील, बाहेरून सूचना द्याव्यात. आपली जाड जॅकार्ड (विणतानाच नक्षी उमटवलेली) चादर या ओढाताणीत सहजासहजी फाटत नाही, आणि तिच्या दोन बाजूंना रंगांची अदलाबदल झालेली असल्यामुळे ती पूर्ण उलटली की नाही हे पंचाला लांबूनही दिसते. फरशीवर मात्र हा खेळ घेऊ नये, कारण तेथे चादर घसरते. दुसऱ्या थांब्यावरही चादरच ठेवता येईल. आठ जणांनी, हवे तर खुर्च्यांवर बसून, तिच्या कडा धराव्यात आणि एक चेंडू खाली न पाडता कडेकडेने फिरवावा. जितके वेढे पूर्ण होतील तितकी नोंद. या खेळात हाताला थोडा कंप असलेली व्यक्तीही इतरांइतकीच उपयोगी पडते.

तिसरा थांबा चारही भाषांचा असावा. संघाने एक ते दहा आकडे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत न अडखळता म्हणायचे आणि प्रत्येक भाषेसाठी म्हणणारा वेगळा असायचा. चिठ्ठीने पडलेल्या संघात चारही भाषा असतीलच असे नाही, पण कन्नड आणि तेलुगू आकड्यांत इतके साम्य आहे की एक भाषा येणाऱ्याला दुसरीच्या आकड्यांचा अर्धा रस्ता आधीच माहीत असतो. राहिलेला रस्ता शेजारच्या संघाला विचारण्याची मुभा ठेवावी.

चौथ्या थांब्यावर शहराच्या इतिहासाच्या चिठ्ठ्या कालक्रमाने लावायच्या : सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, बाराव्या शतकात केलेली ६८ लिंगांची स्थापना, १९३० चा मार्शल लॉ (इंग्रजांनी शहरात लावलेला लष्करी अंमल), १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९६० ची महाराष्ट्राची स्थापना. चिठ्ठ्यांवर अर्थातच साल लिहू नये. येथे आजी-आजोबांचा भाव एकदम वधारतो. हुतात्म्यांच्या नावांवर मूकाभिनय वगैरे करायला लावू नये. हसण्याखिदळण्याचे विषय इतर पुष्कळ आहेत.

उरलेल्या दोन थांब्यांसाठी लगोरी आणि शेंगा सोलणे पुरे आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का, हे नावे घेतानाच विचारावे आणि सोललेले दाणे त्याच दिवशी स्वयंपाकाकडे जावेत. कडक भाकरी डोक्यावर ठेवून चालण्याची कल्पना बऱ्याच कार्यक्रमांत दिसते. भाकऱ्या मोडतात आणि टाकून दिल्या जातात, म्हणून ती आम्हाला पसंत नाही.

सुरुवात दुपारी साडेचारला करावी. त्या दिवसांत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, त्यामुळे ऊन उतरल्यावर खेळ सुरू होऊन उजेडातच संपतो. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर रात्री दहानंतर उघड्यावर त्याला कायद्याने मनाई आहे, म्हणून बक्षिसे जेवणाच्या आधी द्यावीत. बक्षीस म्हणून सर्वांना सारखाच एकेक नॅपकिन द्यावा आणि विजेत्या संघाला जेवणाच्या रांगेत पहिले उभे राहण्याचा मान द्यावा.

प्रश्न : आमच्या मंडळातील तरुणांना दुचाकीवरून शहरभर ‘खजिना शोध’ खेळायचा आहे. भुईकोट किल्ला ते कंबर तलाव अशा चिठ्ठ्या लपवण्याचा बेत आहे. मंडळातील ज्येष्ठांचा विरोध आहे. योग्य काय?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : ज्येष्ठांचे बरोबर आहे. घड्याळाशी स्पर्धा लावून मुलांना गाडीवर बसवले की सिग्नल तोडला जाणारच, आणि अपघात झाल्यास आयोजक म्हणून मंडळाला उत्तर द्यावे लागेल. शिवाय किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवर कागद चिकटवणे किंवा दगडांच्या फटींत चिठ्ठ्या खोचणे गैर आहे. हाच खेळ आपल्याच पेठेत, पायी आणि सगळा संघ एकत्र चालेल अशा अटीवर घ्यावा. चिठ्ठ्या लपवण्याऐवजी त्या पिठाची गिरणी, शिंपी, किराणा दुकान अशा ओळखीच्या ठिकाणी आधी सांगून ठेवाव्यात आणि योग्य उत्तर दिल्यावरच पुढची चिठ्ठी मिळेल असे ठरवावे. प्रथम येण्याला गुण न देता, ठरलेल्या वेळेत परतलेल्या संघाच्या अचूक उत्तरांना गुण द्यावेत.

प्रश्न : रस्सीखेच नसेल तर आमच्याकडे कोणालाच मजा वाटत नाही. ती ठेवावी का?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : ठेवावी, पण शेवटी आणि स्वेच्छेने. स्पर्धांमध्ये प्रत्येक बाजूला आठ गडी असतात आणि संघांचे गट वजनावरून पडतात. आपणही डोकी मोजण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे एकूण वजन साधारण सारखे करावे. दोर हाताला किंवा कमरेला कोणीही गुंडाळू नये, कारण बोटांना आणि मनगटाला होणाऱ्या गंभीर इजा बहुधा त्यामुळेच होतात. कपडे वाळत घालण्याची नायलॉनची दोरी वापरू नये. ती ताणली जाऊन तुटली की फटक्यासारखी उलटते. जाड सुती दोर भाड्याने मिळाला नाही, तर त्या वर्षी रस्सीखेच वगळून लंगडीचा एक डाव घ्यावा.