कानाला दडा बसलाय, तेल घालू का?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आमचं गाव औसा तालुक्यात. दिवाळीच्या आधी सोयाबीनची रास केली, मशीनपाशी दोन दिवस उभी होते, धूळ सगळी डोक्यात-कानात. मग नरकचतुर्दशीला पहाटं डोक्याला तेल लावून आंघोळ केली, केस पुसायले तर उजव्या कानाला जो दडा बसला तो आज आठ दिवस झाले तरी सुटंना. दुखत नाही, पाणी-पू काही येत नाही, पण आपलंच बोलणं डोक्यात घुमल्यासारखं होतं आणि त्या बाजूनं कुणी हाक मारली तर कळत नाही. सासूबाई म्हणायल्यात लसूण टाकून तेल कडक तापव आणि घाल. पोरानं मेडिकलमधून कानाचे बड आणले, ते फिरवले तर अजूनच गच्च झालं. लातूरला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. घरीच काही होत असंल तर सांगा. वय 38, शुगर-बीपी काही नाही.

उत्तर : ताई, तुमच्या लिहिण्यावरून तरी मळ फुगलेला वाटतोय, आणि तसं असंल तर घरी मोकळा होऊ शकतो. पण तेलाची बाटली हातात घ्यायच्या आधी एक मिनिटाचं काम करा. पंखा, टीव्ही बंद करून शांत बसा, तोंड मिटून नाकातून ‘हुं...’ असा लांब आवाज काढा आणि बघा तो आवाज कोणत्या कानात जास्त घुमतोय. बंद असलेल्या कानात जास्त घुमला तर बाहेरून आत यायची वाट कुठंतरी अडलीय, म्हणजे मळ, पाणी नाहीतर सर्दी. पण आवाज चांगल्या कानाकडं पळाला, तर ते मळाचं काम नाही, आतल्या नसेचं असू शकतं, आणि मग मजुरी बुडू द्या पण त्याच दिवशी कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा.

हे मी एवढं आधी का सांगायले तर माझ्या सख्ख्या भावाचं. सकाळी झोपून उठला तर डावा कान बंद, बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज, थोडी चक्कर. गावातल्या दवाखान्यात मळ आहे म्हणाले, थेंब दिले, तो रोज थेंब घालत बसला आणि मी त्यावेळी कानाच्याच ओपीडीत ड्युटी करत असून त्यानं मला फोन केला नाही, म्हणला मळ तर आहे, तुला काय त्रास द्यायचा. तीन आठवड्यांनी आला. कानात मळाचा कणसुद्धा नव्हता. अशा अचानक आलेल्या बहिरेपणाला स्टेरॉइडच्या गोळ्या जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू कराव्या लागतात. त्याचा तो कान परत आला नाही. आजही जेवायला बसलो की तो माझ्या डाव्या हाताला बसतो, म्हणजे माझं बोलणं त्याच्या चांगल्या कानावर पडतं. म्हणून आधी ‘हुं’ करायचं, तेल मग.

तुम्ही लिहिलंच आहे की आपलं बोलणं डोक्यात घुमतंय. ते उजव्याच कानात घुमत असंल तर लक्षण मळाचंच धरू. आता हे झालं कसं, तर कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची असते आणि मळ तयार होतो तो फक्त तिच्या बाहेरच्या भागात. आपण जेवतो, बोलतो, जबडा हलतो, तसा तो हळूहळू आपोआप बाहेर सरकतो. मळ म्हणजे घाण नाही, तो धूळ आणि पाणी अडवायला असतो. त्यात मेलेल्या कातडीचे बारीक पापुद्रे असतात, ते आंघोळीचं पाणी पितात आणि भिजत घातलेल्या सोयाबीनसारखे फुगतात, आणि आधी थोडी फट होती ती एकदम बुजते, म्हणून आंघोळीनंतरच दडा बसला. बड फिरवला तर कापसाला थोडा पिवळा मळ लागतो, आपल्याला वाटतं निघाला, पण बाकीचा सगळा आत पडद्याकडं ठासला जातो. ते बड काढून टाका. काडेपेटीची काडी, केसाची पिन, चावी, पेनाचं टोपण, काहीच कानात जाऊ देऊ नका.

करायचं ते असं. साधं खोबरेल घ्या, वासाचं किंवा जडीबुटीचं नको. आता थंडी पडायली, 24 अंशाच्या खाली खोबरेल गोठतं, तर बाटली चुलीवर धरायची नाही, कोमट पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं ठेवायची आणि एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायचा, ना गार ना गरम, काहीच लागलं नाही पाहिजे, म्हणजे ते अंगाएवढं झालं. गार किंवा गरम थेंब आत गेला की गरगरून येतं. डाव्या कुशीवर झोपा, उजव्या कानाची पाळी वर आणि मागं ओढा म्हणजे नळी सरळ होते, दोन-तीन थेंब सोडा, कानापुढचा जो छोटा उंचवटा असतो तो बोटानं हळू दाबा आणि दहा मिनिटं तसंच पडून राहा. मग उठून बाहेर आलेलं तेल फडक्यानं पुसा, बोळा आत कोंबू नका. सकाळ-संध्याकाळ असं पाच दिवस. पहिल्या एक-दोन दिवसांत कान अजून गच्च वाटंल, मळ मऊ होऊन फुगतो म्हणून, त्याला घाबरू नका. बऱ्याचदा मळ उशीवर पिवळसर-तपकिरी डाग पाडत आपसूक बाहेर येतो. मेडिकलमध्ये मळ मऊ करायचे थेंबही मिळतात, तेही चालतात, पण पिचकारीनं पाणी मारायचं काम घरी नको.

सासूबाईंना नाराज करू नका, त्यांच्या काळात दवाखाना जवळ नव्हता, जे हाताशी होतं ते केलं. पण कडक तेलानं कानाची कातडी भाजलेली आणि पडद्याला फोड आलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, आणि लसणाचा तुकडा आत अडकलेलाही चिमट्यानं काढताना बघितलाय. लसूण फोडणीतच बरा. आणि मळ निघाल्यावर मग दर रविवारी तेल घालायची सवय नको, ओलसर कानात बुरशी धरते, पावसाळ्यात तर फार.

आठवडी बाजारात कान कोरणारे बसतात त्यांच्याकडं जाऊ नका. एकाच्या कानातली सळई दुसऱ्याच्या कानात जाते आणि पडद्याला ठेच लागली तर तो तिथं काय करणार.

लहानपणी कान फुटला असंल, कान वाहायचा, पडद्याला भोक आहे किंवा कानाचं ऑपरेशन झालंय, अशांनी तेलाचा थेंबही घालायचा नाही. शुगर असणाऱ्यांनी घरी प्रयोग करू नयेत, त्यांच्या कानातली साधी जखमसुद्धा चिघळत हाडापर्यंत जाऊ शकते. तुम्हाला यातलं काही नसंल तर करा सुरू. मध्येच ठणका लागला, पू आला, चक्कर आली तर तेल बंद. आणि पाच दिवसांनी दडा सुटला नाही तर लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत कान-नाक-घसा विभागात दाखवा, सकाळी लवकर गेलात तर केसपेपरची रांग लहान असते. मऊ झालेला मळ काढायला डॉक्टरांना फार वेळ लागत नाही, म्हणजे तुमचं पाच दिवसांचं तेल वाया जाणार नाही.

प्रश्न : रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो होतो, डोक्याला बॅटरी होती, कानात किडा शिरला. फडफडीनं जीव नको झाला. सोबतच्यानं काडी घातली, रक्त आलं. दवाखान्यात काढून घेतला, पण पुन्हा झालं तर रानात काय करावं? (जिंतूर)

उत्तर : दादा, काडी अजिबात नाही. कान वर करून आडवं व्हायचं आणि जे खायचं तेल डब्यात असंल ते, गरम न करता, कान भरंपर्यंत सोडायचं. किडा बुडून मरतो, फडफड थांबते, मग सकाळी दवाखान्यात काढून घ्यायचा. पडद्याला भोक असणाऱ्यानं हे करायचं नाही, आणि तुमच्या कानातून रक्त आलं होतं म्हणून आधी एकदा पडदा तपासून घ्या. घरी लेकरानं कानात हरभरा, ज्वारी, मूग असलं काही घातलं तर पाणी ओतू नका, दाणा फुगून अडकतो. आणि खेळण्यातला बटन सेल घातला असंल तर ना तेल ना पाणी, त्याच रात्री गाडी काढा, तो काही तासांत कान आतून जाळतो.